क्रीडादिन कोणासाठी? म्हैसूरच्या मैदानांवरून एक विचार

थंडीचे दिवस आले की म्हैसूरमधील शाळांची मैदाने चुन्याच्या पांढऱ्या रेघांनी आखली जातात. एका बाजूला शामियाना उभा राहतो. त्यात प्रमुख पाहुण्यांसाठी गादीच्या खुर्च्या, पालकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मांडलेल्या टेबलावर चषक व पदके. संचलन, ध्वजवंदन, सामुदायिक कवायत, मग शर्यती आणि शेवटी बक्षीस समारंभ. कन्नडमध्ये याला ‘क्रीडाकूट’ म्हणतात. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांपैकी कोणी भोपाळला असतील, कोणी हैदराबादला, कोणी जमशेदपूरला. भाषा बदलते, पण हा कार्यक्रम सहसा बदलत नाही.

अलीकडे या कार्यक्रमाविषयी पालकांत दोन तट पडलेले दिसतात. एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी काही काळ सदस्य होतो. तेथे एकाच बैठकीत दोन अर्ज आले. पहिल्या अर्जात म्हटले होते की पहिली ते पाचवीच्या शर्यती बंद कराव्यात, कारण हरणारी मुले खचतात. दुसऱ्यात म्हटले होते की शर्यती चालूच ठेवाव्यात, कारण पुढे जग स्पर्धेचेच आहे आणि हरण्याची सवय लहानपणीच लागलेली बरी. दोन्ही अर्ज मनापासून लिहिलेले होते. पण एक प्रश्न दोन्हींत नव्हता, तो म्हणजे हा दिवस मुळात कोणासाठी भरवला जातो? स्पर्धा चांगली की वाईट, या वादाचे उत्तर मला या प्रश्नात दडलेले वाटते, आणि तो सोडवायला म्हैसूरइतके सोयीचे गाव दुसरे नाही. खेळ आणि शारीरिक शिक्षण यांच्यामागची बहुतेक प्रयोजने या एका शहराच्या इतिहासात एकाखाली एक सापडतात.

राजाश्रयाचा आखाडा

वाडियार घराण्याचा दसरा १६१० साली श्रीरंगपट्टणला सुरू झाला आणि १७९९ नंतर राजधानीबरोबर म्हैसूरला आला. या उत्सवाचे एक अविभाज्य अंग म्हणजे कुस्ती. त्यातही ‘वज्रमुष्टी काळग’ हा प्रकार खास म्हैसूरचा. जेट्टी समाजाचे मल्ल डोक्याचे मुंडन करून, बोटांवर बसणारे टोकदार हत्यार मुठीत धरून राजवाड्याच्या आवारात एकमेकांसमोर उभे राहतात. रक्ताचा पहिला थेंब दिसला की लढत तिथेच थांबते.

कोल्हापूरच्या वाचकाला यात परके असे काही वाटणार नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेले खासबाग मैदान याच परंपरेतले. पैलवानाचा खुराक, निवास, तालीम, सगळे दरबाराकडे. आणि त्याच्या बदल्यात दरबाराला मिळणारी शोभा व प्रतिष्ठा. मल्ल हा तयार झालेला प्रौढ माणूस असे, वर्षानुवर्षे तालमीत घाम गाळून मैदानात उतरे आणि जोड लावताना वजन, वय व तयारी पाहिली जाई. ताकदीत विजोड माणसे समोरासमोर आणणे हे वस्तादाला कमीपणाचे वाटे.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. हा सोहळा प्रेक्षकांसाठी आहे हे कोणी लपवत नव्हते. आणि लढत केव्हा थांबवायची याचा नियम ठरलेला होता. आजच्या शालेय क्रीडादिनाने या परंपरेतून प्रेक्षक घेतले. जोड बघण्याची आणि वेळीच थांबण्याची शिस्त मात्र घेतली नाही.

रग्बीची शिस्त

दुसरा थर इंग्रजी आहे. १८६९ साली कर्नल जॉर्ज मॅलेसन यांची म्हैसूरचे बाल महाराज चामराजेंद्र यांचे पालक म्हणून नेमणूक झाली. संस्थानिकांच्या मुलांना इंग्रजी ‘पब्लिक स्कूल’च्या वळणावर घडवण्याचा तो काळ होता. १८७० मध्ये राजकोटचे राजकुमार कॉलेज सुरू झाले, १८७५ मध्ये अजमेरचे मेयो कॉलेज. अभ्यासाइतकेच क्रिकेट, घोडेस्वारी आणि मैदानी खेळ यांना तेथे महत्त्व होते.

या कल्पनेचे जनकत्व रग्बी शाळेचे मुख्याध्यापक थॉमस अर्नोल्ड यांना दिले जाते. प्रत्यक्षात अर्नोल्ड यांचा भर धर्म आणि नीती यांवर होता. खेळांचे त्यांना फारसे वेड नव्हते. खेळाने चारित्र्य घडते ही समजूत रुजवली ती त्यांचे विद्यार्थी टॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राऊन्स स्कूल डेज’ या कादंबरीने. पुढे साम्राज्याला अधिकारी हवे होते. आज्ञा पाळणारे, संघासाठी झटणारे आणि पराभवात तोंड न पाडणारे. मैदान हा त्यांच्या भरतीचा कारखाना झाला. शाळेतील मुले ‘हाऊस’मध्ये वाटायची, हाऊसने गुण मिळवायचे, वर्षअखेर ढाल जिंकायची, ही सगळी मांडणी तिथली.

ती आपल्यापर्यंत कशी आली हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. बदलीच्या नोकऱ्या करणाऱ्या आम्हा केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६२ मध्ये केंद्रीय शाळांची योजना मंजूर झाली आणि पुढच्या वर्षी लष्कराच्या २० रेजिमेंटल शाळा तिच्यात घेतल्या गेल्या. त्यातूनच केंद्रीय विद्यालये वाढली. त्यांतील हाऊसची नावे पाहा: शिवाजी, टागोर, अशोक, रामन. नावे आपली, साचा रग्बीचा. परमुलखात वाढणाऱ्या एखाद्या मराठी मुलाला आपण ‘शिवाजी हाऊस’मध्ये आहोत याचा अभिमान वाटतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्या अभिमानात गैर काही नाही. पण ज्या रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग भरवले, त्यांच्या नावाचा संघ शिवाजी महाराजांच्या नावाच्या संघाला रस्सीखेचीत हरवतो तेव्हा नेमके कोणते शिक्षण घडते, हा प्रश्न पडतोच.

जगनमोहन राजवाड्यातील योगशाळा

तिसरा थर या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. नाल्वडी कृष्णराज वाडियार यांनी १९३३ मध्ये जगनमोहन राजवाड्यात एक योगशाळा काढून दिली. तिचे आचार्य तिरुमलै कृष्णमाचार्य. राजघराण्याशी नाते असलेल्या अरसू मुलांना तेथे शिक्षण मिळे. शर्यत नाही, क्रमांक नाही, पदक नाही. स्पर्धाविरोधी पालकांना आदर्श वाटावी अशी ही व्यवस्था.

१९३४ मध्ये कृष्णमाचार्यांचा एक मेहुणा त्यांच्याकडे राहायला आला. कोलार जिल्ह्यातील बेळ्ळूरचा हा मुलगा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत जन्मलेला. पुढे हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी त्याला पोखरले होते. काडीसारखे हातपाय, बाहेर आलेले पोट. कोणत्याही शाळेच्या कोणत्याही शर्यतीत हा मुलगा शेवटचा आला असता किंवा मास्तरांनी दयेने त्याला बाजूला बसवले असते. खुद्द कृष्णमाचार्यांनीही सुरुवातीला त्याला शिकवण्यायोग्य मानले नाही. त्यांचा आवडता शिष्य अचानक निघून गेला आणि प्रात्यक्षिकाला माणूस कमी पडू लागला, तेव्हा त्याला आसने शिकवली गेली. शालान्त परीक्षेत तो इंग्रजीत नापास झाला आणि शिक्षण थांबले. त्याचे नाव बी. के. एस. अय्यंगार.

इथून पुढची कथा पुण्याची आहे. १९३७ मध्ये योगशिक्षक म्हणून सहा महिन्यांसाठी कोणाला तरी पाठवावे, अशी मागणी पुण्याहून आली. थोडेफार इंग्रजी येणारा म्हणून अय्यंगारांची निवड झाली. एकोणीस वर्षेही पूर्ण न झालेला हा तरुण डेक्कन जिमखान्यावर शिकवू लागला. मराठी येत नव्हते, आणि समोरचे विद्यार्थी अंगाने त्याच्याहून दांडगे होते. ते सहा महिने लांबत गेले आणि पुणे हेच त्यांचे गाव झाले. १९६६ मध्ये त्यांचा ‘लाइट ऑन योग’ हा ग्रंथ आला, १९७५ मध्ये शिवाजीनगरात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. २०१४ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, पुण्यातच त्यांचे निधन झाले. ज्याचे शरीर शाळकरी वयात कोणत्याही निवड चाचणीत बाद ठरले असते, त्याने जगभर लोकांना शरीर वापरायला शिकवले.

ही कथा येथे संपवली असती तर ‘स्पर्धा बंद करा’ असा निष्कर्ष सोपा होता. पण तिची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती योगशाळा प्रेमळ नव्हती. पाहुणे आले की प्रात्यक्षिक होई. अशाच एका प्रसंगी अय्यंगारांना हनुमानासन करून दाखवण्याची आज्ञा झाली. दोन्ही पाय पुढे-मागे सरळ पसरून जमिनीला टेकवायचे, असे हे आसन. त्याचा सराव झालेला नव्हता. त्यांनी ते केले, पण मांड्यांच्या मागचे स्नायू फाटले आणि पुढे दीर्घकाळ चालणेही कठीण झाले. येथे प्रतिस्पर्धी कोणीच नव्हता. प्रेक्षक मात्र होते.

म्हणून मला वाटते की आपल्या वादाची रेघ चुकीच्या जागी आखली गेली आहे. स्पर्धा की सहकार्य, असा हा प्रश्न नाही. तयारी नसलेल्या मुलाला दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी उभे करणे हे अपायकारक आहे, मग ती शर्यत असो, कवायत असो की आसन.

खेळापेक्षा देखावा धोक्याचा

याला परदेशातला एक पुरावा आहे. जपानमध्ये शालेय क्रीडादिनाला ‘उन्दोकाय’ म्हणतात. १८७४ मध्ये टोकियोच्या त्सुकिजी येथील नौदल विद्यालयात इंग्रज प्रशिक्षकांच्या सल्ल्याने तो प्रथम भरला. शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांच्या काळात, म्हणजे १८८५ नंतर, त्याला लष्करी कवायतीचे वळण मिळाले आणि तो देशभर पसरला. आज त्याचे रूप बरेच सौम्य झाले आहे. सगळी शाळा लाल आणि पांढऱ्या टोप्यांच्या दोन संघांत विभागली जाते, गुण संघाला मिळतात, घरचे लोक डबे घेऊन येतात.

या उन्दोकायमधील सर्वांत धोक्याचा प्रकार कोणता ठरला? शर्यत नव्हे, तर मुलांचे मानवी मनोरे. त्यात कोणी हरत नाही, सगळे सहकार्यच असते. तरीही मनोरे आणि त्यांच्याशी संबंधित सामूहिक कसरतींत तेथील शाळांत वर्षाला आठ हजारांहून अधिक दुखापती नोंदल्या जात होत्या. शाळाशाळांत मनोरा अधिक उंच करण्याची चढाओढ लागली होती, कारण पालक टाळ्या त्यालाच देत. २०१६ मध्ये ओसाका शहराने शाळांतील मनोरे बंद केले आणि राष्ट्रीय क्रीडा विभागानेही सावधगिरीची सूचना काढली. आपल्याकडे दहीहंडीच्या थरांबाबत मुंबई उच्च न्यायालयाला २०१४ मध्ये उंची आणि वय या दोन्हींवर बंधने घालावी लागली. पुढे २०१७ मध्ये उंचीचे बंधन गेले, पण चौदा वर्षांखालील मुलांना मनाई राहिली. दोन्हीकडे मुले चढत होती आणि मोठी माणसे खाली उभी राहून मोजत होती.

स्पर्धेच्या बाजूने

मग स्पर्धेची बाजू काय? ती कमकुवत नाही, आणि तिचा उत्तम पुरावा त्याच डेक्कन जिमखान्याचा आहे जिथे अय्यंगार शिकवायला आले. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. १९१९ च्या सुमारास तेथील वार्षिक मैदानी स्पर्धांत त्यांनी पाहिले की अनवाणी धावणारी, शास्त्रशुद्ध प्रशिक्षण न मिळालेली, बहुतांश शेतकरी वर्गातील मुले युरोपीय धावपटूंच्या जवळ जाणारी वेळ नोंदवत आहेत. यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याची कल्पना आली. बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी तेथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळवला. शर्यत झाली नसती तर ही माणसे कोणाला दिसलीच नसती.

दुसरे उदाहरण केरळचे. त्या राज्याने १९७६ मध्ये कन्नूर येथे मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला. निवडलेल्या चाळीस मुलींत पी. टी. उषा होती. गरीब घरातल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीला घड्याळ ओळखते. वशिल्याच्या देशात ही फार मोठी गोष्ट आहे. प्रशासनात तीन दशके काढल्यावर मी सांगू शकतो की ज्यात शेवटच्या रेघेवर कोणाचा फोन चालत नाही, अशा व्यवस्था थोड्या असतात.

पण या दोन उदाहरणांत काय सारखे आहे ते पाहावे. दोन्ही ठिकाणी निवड चालली होती. धावणारे वाढत्या वयाचे वा प्रौढ होते आणि आपल्या इच्छेने उतरलेले होते. उषेच्या बाबतीत निवडीनंतर वर्षानुवर्षे प्रशिक्षण, आहार आणि वसतिगृह मिळाले. सहा वर्षांच्या चाळीस मुलांना एका रांगेत उभे करून शिट्टी वाजवण्याशी याचा संबंध नाही. निवड ही एक गोष्ट आणि शिक्षण ही दुसरी. राज्याला दोन्ही हव्यात. पण दोन्ही कामे एकाच दिवसाच्या गळ्यात बांधली की दोन्ही बिघडतात.

अर्थशास्त्र काय सांगते

माझ्या विषयाकडे थोडे वळतो. एडवर्ड लाझिअर आणि शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये क्रमांकावर आधारित बक्षिसांचा सिद्धांत मांडला. बक्षिसातील अंतरामुळे माणूस अधिक प्रयत्न करतो, हे त्यांनी दाखवले. पण स्पर्धक साधारण तुल्यबळ असतील तेव्हाच. ताकदीत फार फरक असेल तर मागचा प्रयत्न सोडतो, कारण उपयोग नाही. आणि पुढचाही ढिला पडतो, कारण गरज नाही. कुस्तीचे वस्ताद जोड का बघत, याचे हे गणिती उत्तर आहे.

पहिलीच्या वर्गात जून महिन्यात जन्मलेले मूल आणि पुढच्या मे महिन्यात जन्मलेले मूल शेजारी बसतात. वयात जवळजवळ वर्षाचा फरक, म्हणजे धाकट्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. १९८५ मध्ये कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या गेल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची संख्या ठळकपणे जास्त निघाली, कारण तेथे वयोगट १ जानेवारीला बदलतो. लहानपणी थोडे मोठे असल्याने निवड, निवडीमुळे अधिक सराव, आणि सरावामुळे खरोखरच सरस. आपण ज्याला गुण म्हणून पदक देतो ती पुष्कळदा जन्मतारीख असते.

बक्षिसाचाही एक हिशेब आहे. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. चित्रे काढण्याची आवड असलेल्या काही मुलांना प्रमाणपत्राचे आधी आश्वासन देऊन चित्रे काढायला लावली. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रांत घालवताना दिसली. जे आनंदासाठी होते ते कामासारखे झाले.

आता साधी बेरीज करू. समजा वर्गात ४० मुले आहेत आणि धावपट्ट्या ८. पाच प्राथमिक फेऱ्या होतील आणि अंतिम फेरीत ८ जण जातील. उरलेल्या ३२ मुलांचे वार्षिक मैदानी आयुष्य वीसेक सेकंदांत संपले. त्यानंतर त्यांनी उन्हात बसून टाळ्या वाजवायच्या. त्याआधी तीन आठवडे संचलनाच्या तालमीसाठी खेळाचे तास गेलेले असतात. म्हणजे ज्या दिवसाला आपण खेळाचा उत्सव म्हणतो, त्यामुळे बहुसंख्य मुलांचे खेळणे वाढत नाही, घटते. खर्चाच्या वहीत शामियाना, ध्वनिक्षेपक, चषक आणि पाहुण्यांचा सत्कार दिसतो. चेंडू, दोऱ्या आणि उडीच्या खड्ड्यातली वाळू शोधावी लागते.

न वाचलेला अहवाल

हे कोणाला कळले नव्हते असे नाही. स्वतंत्र भारताचा माध्यमिक शिक्षण आयोग १९५२-५३ मध्ये डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली बसला. त्यांचे जुळे बंधू सर ए. रामस्वामी मुदलियार हे १९४६ ते १९४९ या काळात म्हैसूर संस्थानचे शेवटचे दिवाण होते. शारीरिक शिक्षण प्रत्येक विद्यार्थ्याच्या क्षमतेला धरून असावे, प्रत्येकाच्या शारीरिक प्रगतीची नोंद ठेवावी आणि चाळीस वर्षांखालील सर्व शिक्षकांनी मुलांच्या खेळांत स्वतः भाग घ्यावा, अशा या आयोगाच्या शिफारशी होत्या. तिसरी शिफारस मला विशेष आवडते. तिच्यात शामियान्यातल्या माणसाला उठवून मैदानात आणण्याची ताकद आहे.

प्रत्यक्षात झाले काय? १९५४ मध्ये भारतीय शालेय क्रीडा महासंघ स्थापन झाला आणि स्पर्धांची उतरंड उभी राहिली. कर्नाटकात आज होबळी, तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या आहेत, त्याखेरीज म्हैसूरचा दसरा क्रीडाकूट वेगळा. निवडीचे यंत्र तयार झाले. शिक्षणाचे यंत्र मात्र तसे झाले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत क्रीडांगण आवश्यक ठरवले आहे, ही चांगली गोष्ट. पण त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदेशक अंशकालीन धरला आहे, आणि तोही शंभराहून अधिक मुले असतील तेव्हा. पहिली ते पाचवीसाठी तोही नाही. ज्या वयात शरीराची गोडी लागते त्या वयासाठी कायद्यात मैदान आहे, शिकवणारा नाही.

निवड उशिरा केली तर देश मागे पडतो का? नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळाविषयी नियम केले आणि २००७ मध्ये ते अधिक स्पष्ट केले. मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत निकालांच्या याद्या आणि क्रमवारी नाही. हे नियम क्रीडा मंडळांसाठी आहेत, आणि स्पर्धा अजिबात नको असे ते म्हणत नाहीत. मुले सामने खेळतात, फक्त मोठ्यांनी त्याचे तक्ते करायचे नाहीत. सुमारे ५५ लाख वस्तीच्या या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके मिळवली आणि २०२२ मध्ये १६ सुवर्णपदके. यामागे बर्फ आहे, पैसा आहे, हे मान्य. पण उशिरा मोजल्याने काही बुडाले नाही एवढे तरी यावरून दिसते.

काय करता येईल

शर्यती बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही. मुले स्वतःहूनही शर्यत लावतात. लगोरी, खो-खो, लंगडी यांत हार-जीत असतेच. गल्लीतल्या खेळात मात्र बाद झालेला पाच मिनिटांत पुन्हा डावात येतो, आणि लहानग्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून सांभाळून घेण्याची पद्धत मुलांनी स्वतःच काढली आहे. तुल्यबळ नसलेल्यांना खेळात कसे ठेवायचे, याचे उत्तर आपल्या अंगणात केव्हाच सापडले होते.

व्यवस्थापन समित्यांवर असलेल्या वाचकांसाठी काही सूचना:

१. पाचवीपर्यंत वैयक्तिक क्रमांक आणि पदके नसावीत. संघाचे खेळ, रिले आणि अडथळ्यांच्या शर्यती असाव्यात, आणि प्रत्येक मुलाने दिवसात किमान चार-पाच वेळा मैदानात उतरावे.

२. सहावीपासून शर्यती खुशाल असाव्यात, पण नाव नोंदवणे ऐच्छिक असावे. गट इयत्तेवर न करता मागील वेळेच्या नोंदीवर करावेत, म्हणजे जोड बरोबर लागेल.

३. प्रत्येक मुलाची स्वतःची नोंदवही असावी: गेल्या वर्षी किती लांब उडी मारली, यंदा किती. स्वतःशी स्पर्धा या शब्दाला अर्थ येतो तो अशा वहीमुळे.

४. तालमीसाठी खेळाचा तास घेऊ नये. संचलन हवेच असेल तर एका आठवड्यात बसेल एवढेच ठेवावे.

५. क्रीडादिनाच्या एकूण खर्चापैकी किमान निम्मा खर्च वर्षभर वापरता येईल अशा साहित्यावर व्हावा.

६. शिक्षक आणि पालकांनी किमान एका खेळात मुलांबरोबर उतरावे. मुदलियार आयोगाची वयोमर्यादा चाळीस होती. ती ओलांडलेल्यांनी दोरी धरावी, वाळू सारखी करावी.

यातील एकाही सूचनेला नवा कायदा लागत नाही. वेळापत्रक आणि अंदाजपत्रक, या दोन कागदांवर सही करणाऱ्याने मनावर घेतले की पुरे. आमच्या समितीत त्या दोन अर्जांवर मतदान झाले नाही. पहिल्या दोन सूचना प्रयोग म्हणून एका वर्षासाठी स्वीकारल्या गेल्या. त्या वर्षी आलेली मुख्य तक्रार मुलांची नव्हती, आणि हरलेल्या मुलांच्या पालकांचीही नव्हती. फोटो काढण्यासारखा क्षण मिळाला नाही, अशी ती तक्रार होती. क्रीडादिन कोणासाठी, या प्रश्नाचे एक उत्तर तीतच होते.

शेवटी एक भाषेची गोष्ट. क्रमांक विचारण्यासाठी आपल्या मराठीत ‘कितवा’ असा एक नेमका शब्द आहे. इंग्रजीत तो एका शब्दात विचारताही येत नाही. मूल घामाघूम होऊन घरी आले की आपल्या तोंडून पहिल्यांदा तोच निघतो: कितवा आलास, कितवी आलीस? त्याऐवजी ‘काय काय खेळलास?’ असे विचारायला काही खर्च येत नाही. परमुलखातल्या आपल्या घरात निदान एवढी सुधारणा या मोसमापासून करता येईल.